मिरवणुकीत ‘थांबा’ म्हणणारं कुणीतरी

(तुर्भे येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर पंधरा मिनिटं बोल.” मी म्हटलं, त्या विषयावर आपल्या ग्रुपवर रोज दहा फॉरवर्ड येतात, त्यात माझी भर कशाला? मला एका वेगळ्याच कामाबद्दल बोलू द्या. त्या कामाचे पैसे मिळत नाहीत, पायाचे तुकडे पडतात आणि वर लोकांची बोलणी खावी लागतात. गुढीपाडव्याच्या दुचाकी रॅलीत मी गेली काही वर्षं मार्शल म्हणून उभी राहते. ‘उभी राहते’ हे मुद्दाम म्हणतेय. बाकी सगळे गाड्या चालवतात, आम्ही चौकात उभे असतो.

आपण शाळेत होतो तेव्हा पाडवा म्हणजे घरची गुढी, कडुलिंबाची कडू चटणी, साखरेच्या गाठी आणि दुपारी श्रीखंड-पुरी. रस्त्यावर पाडवा नव्हता. डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा काढली, तोवर आपण दहावी पार करून पांगलो होतो. मग ठाणे, गिरगाव असं करत करत ती गावोगाव पोहोचली. त्यात पुढे दुचाकी आल्या, आणि दुचाकींवर बायका आल्या. नऊवारी, नथ, डोक्याला फेटा आणि खाली बुलेट, हा गिरगावातला फोटो आता दरवर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात असतोच.

जगात इतरत्रही अशा नटूनथटून निघणाऱ्या रॅली आहेत. सिडनीच्या मार्क हव्वा यांनी २०१२ साली ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’ सुरू केली. त्यात लोक सुटाबुटात, टाय लावून जुन्या धाटणीच्या मोटारसायकली चालवतात आणि पुरुषांच्या आरोग्यासाठी पैसे गोळा करतात. ती आता आपल्याकडच्या शहरांतही निघते. त्यांचा सूट आणि आपली नऊवारी, हौस तीच.

पण हौशीच्या मागे मार्शल लागतो. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथे १९०७ पासून मोटारसायकलींची जगप्रसिद्ध शर्यत होते. आता ती सुमारे ६० किलोमीटरच्या सार्वजनिक रस्त्यावर धावते. रस्त्याच्या कडेने शेकडो मार्शल असतात आणि ते सगळे स्वयंसेवक. पुरेसे मार्शल आपापल्या जागी उभे राहिल्याशिवाय तिथे शर्यत सुरू होत नाही. तिथे मार्शलचं काम शर्यतीचा भाग मानतात. आपल्याकडे मार्शल म्हणजे ज्याला गाडी येत नाही तो, असा समज. मला गाडी येते हो. हे मागच्या बाकावरच्यांसाठी सांगितलं.

आता काम काय असतं ते सांगते. सगळ्यात पुढे एक जण असतो, तो वेग ठरवतो. त्याला कुणी ओलांडायचं नाही. सगळ्यात मागे एक जण, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. नवख्या बायका-मुली पुढच्याच्या लगेच मागे ठेवायच्या. आपला अंदाज उलटा असतो, नवखे शेपटीला ठेवावेत असं वाटतं. पण रांगेचा स्वभाव रबरासारखा. पुढचा २० च्या वेगाने चालला तरी प्रत्येक वळणावर, प्रत्येक खड्ड्यावर रांग ताणली जाते आणि शेपटीच्या माणसाला ती गाठायला ४० ने पळावं लागतं. तिथे नवखी मुलगी असेल तर ती पडते.

गाड्या शेजारी शेजारी चालवायच्या नाहीत, तिरप्या चालवायच्या. एक डावीकडे, पुढची उजवीकडे. आपल्या बरोब्बर पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं. खूण करायची ती डाव्या हाताने, कारण उजव्या हातात ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक असतो. आणि चौकात उभ्या मार्शलच्या अंगात फ्लोरोसंट जॅकेट, गळ्यात शिट्टी, एका हातात दोर, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी. रस्ता अडवायचा अधिकार कायद्याने आम्हाला नाही, तो वाहतूक पोलिसांचा. परवानगी त्यांच्याकडून घ्यायची, चौकात त्यांचा माणूस असतो आणि आम्ही त्याच्या मदतीला. हे प्रत्येक नव्या मार्शलला पहिल्या दिवशी सांगावं लागतं, कारण जॅकेट अंगावर चढलं की दहा मिनिटांत माणूस स्वतःला इन्स्पेक्टर समजायला लागतो.

आता थोडं गणित. गणिताच्या बाई समोर बसल्यात, म्हणून जपूनच मांडते. आमच्या रॅलीत चारशेच्या आसपास गाड्या असतात. दोन तिरप्या रांगा, प्रत्येक रांगेत दोन सेकंदांचं अंतर, म्हणजे चौकातून दर सेकंदाला एक गाडी. चारशे गाड्यांना चारशे सेकंद, पावणेसात मिनिटं. यात गंमत अशी की वेग वाढवून हा आकडा कमी होत नाही. वेग वाढला की दोन सेकंदांत गाडी जास्त पुढे जाते, मग अंतरही वाढवावं लागतं, वेळ तेवढाच. “जरा भरभर घ्या, चौक मोकळा करा” असं ओरडणाऱ्यांना हे पटत नाही. आणि हा कागदावरचा हिशोब झाला. प्रत्यक्षात कुणाची गाडी बंद पडते, कुणी सेल्फीला थांबतं, कुणाचा क्लच तापतो. पावणेसात मिनिटांची दहा-अकरा होतात.

अकरा मिनिटं चौक बंद म्हणजे काय, हे तुर्भ्यात कळतं. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील माथाडी. कांद्या-बटाट्याचा बाजार १९८१ साली मुंबईहून इकडे आला, भाजी आणि फळांचा १९९६ साली, आणि त्या बाजारामागे सातारा-सांगलीकडची घरं आली. अण्णासाहेब पाटलांनी लढून १९६९ चा माथाडी कायदा मिळवला, तेव्हा कुठे हमालाला कायद्याचं संरक्षण आलं. पण मजुरी बहुतेक ठिकाणी अजून उचललेल्या मालावर. हातगाडीवाला अकरा मिनिटं दोराच्या पलीकडे उभा राहिला, तर ती अकरा मिनिटं त्याच्याच खिशातून जातात. एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्याची गोष्ट तीच. उशीर झाला तर गेटवरचा माणूस पाडवा आहे म्हणून सोडत नाही. रॅलीत नसलेल्या या सगळ्यांनी आपल्या आनंदाला परवानगी दिलेली नसते. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

२०२४ चा पाडवा ९ एप्रिलला मंगळवारी होता. नाक्याजवळच्या एका चौकात मी दोर धरून उभी होते. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. ढोल वाजत होते, समोरून गाड्या जात होत्या, खरंच डोळ्यांचं पारणं फिटत होतं. तेवढ्यात दोराच्या पलीकडून एक रिक्षावाला उतरून आला. म्हणाला, “मॅडम, मावशींना डायलिसिसला न्यायचंय. वेळ ठरलेली असते, उशीर झाला की मशीन दुसऱ्याला देतात.” आत एक वयस्कर बाई, मांडीवर फाइल, डोळे मिटलेले.

अँब्युलन्स असती तर प्रश्नच नव्हता. तिला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून दहा हजारांपर्यंत दंड आहे आणि सायरन वाजला की ढोलवालासुद्धा बाजूला होतो. पण आपल्या भागात दवाखान्यात जाणारी बहुतेक माणसं रिक्षातून जातात. त्यांना सायरन नसतो. त्यांची फाइल तपासायला मी कोण? मी वॉकीटॉकीवर सांगितलं, “चौकात लाइन तोडतेय.” पलीकडून लगेच आवाज आला, “ताई, अजिबात तोडू नका, वर ड्रोन आहे. अखंड लाइनचा शॉट चाललाय.”

चौकातल्या हवालदारांकडे पाहिलं. ते रस्त्याच्या त्या बाजूला होते. त्यांनी हात वर करून येणाऱ्या गाड्यांना थांबवायची तयारी दाखवली. मी शिट्टी वाजवली, पुढच्या बुलेटसमोर हात आडवा केला आणि दोर सोडला. रिक्षा गेली. तिच्यामागून एक हातगाडी गेली, दोन सायकलवाले गेले, डबा घेतलेली एक बाई पळत गेली. वीस-पंचवीस सेकंद. मग पुन्हा रांग सुरू. बुलेटवरची मुलगी हसून म्हणाली, “बरं झालं ताई, हात भरून आला होता क्लच दाबून.”

ड्रोनच्या शॉटमध्ये मात्र रांगेला भोक पडलं. संध्याकाळच्या बैठकीत त्यावर बरंच बोलणं झालं. एक दादा वयाने आणि मानाने मोठे आहेत, यात्रेसाठी वर्षानुवर्षं स्वतःचे पैसे घालतात. ते म्हणाले, “ताई, शोभायात्रा आहे ही. पालखी मधेच तोडतं का कुणी? लोक वर्षातून एक दिवस थांबले तर काय बिघडलं?” मी त्यांना उलट बोलले नाही. मी कागद काढला आणि आत्ता तुम्हाला सांगितलं ते गणित मांडलं.

मग माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. पूर्वी फोन लावला की तुमचं बोलणं संपेपर्यंत ती तार तुमची. दुसऱ्याने थांबायचं. १९६० च्या दशकात ब्रिटनमधले डोनाल्ड डेव्हिस आणि अमेरिकेतले पॉल बॅरन यांनी, एकमेकांचं काम माहीत नसताना, वेगळा विचार केला. निरोप अखंड पाठवायचाच नाही. त्याचे छोटे तुकडे करायचे, दोन तुकड्यांच्या मधल्या जागेतून दुसऱ्याचे तुकडे जातील, आणि पोहोचल्यावर जोडून घ्यायचे. त्या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिलं. आज आपण सगळे एकाच वेळी एकाच तारेवरून व्हिडिओ बघतो ते त्यामुळे. माझं म्हणणं एवढंच की रॅलीही तशी पाठवू या. तीस-तीस गाड्यांची एक तुकडी. तीस सेकंदांत ती चौक ओलांडते, मग एक मिनिट चौक लोकांना, मग पुढची तुकडी. चारशे गाड्यांच्या चौदा तुकड्या होतात. रॅली चौकातून जायला सात मिनिटांऐवजी वीस मिनिटं लागतील, पण थांबणाऱ्या कुणालाच अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबावं लागणार नाही. दादा बराच वेळ कागद बघत बसले. म्हणाले, “म्हणजे आपली मिरवणूक लांबते आणि त्यांची रखडपट्टी कमी होते.” म्हटलं, “हो दादा, तेवढंच.”

२०२५ ला पाडवा ३० मार्चला आला, रविवारी. दुसऱ्या दिवशी ईद, त्यामुळे रस्त्यावर खरेदीची गर्दी. त्या वर्षी तुकड्या केल्या. प्रत्येक तुकडीला पुढचा-मागचा माणूस ठरवून दिला. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. दोन तुकड्या एकमेकींत घुसल्या, एक तुकडी भलत्याच वळणावर गेली आणि व्हिडिओत रॅली विरळ दिसते अशी तक्रार आजही चालू आहे. पण दोराला टेकून कुणी हॉर्न वाजवत बसलं नाही. आणि मुख्य म्हणजे बघायला थांबलेले लोक स्वतःहून थांबले होते. अडवल्यामुळे उभं राहणं आणि कौतुकाने उभं राहणं, चेहऱ्यावरून लगेच कळतं.

आता दुसरं ‘थांबा’. हे मला जास्त जड जातं.

हेल्मेट. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम सांगतं की दुचाकीवर बसलेल्या चार वर्षांवरच्या प्रत्येकाने हेल्मेट घालायचं, पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट. फेट्याला सूट नाही. मला विचाराल तर नऊवारी ही गाडीला चांगलीच. काष्टा घातलेला, मोकळं टोक नाही, पदर कमरेला घट्ट खोचला की झालं. धोका असतो तो मागे एका अंगाने बसलेलीच्या सुटलेल्या पदराचा आणि ओढणीचा. म्हणून तर आपल्याकडे मोटार वाहन नियमांतच मागच्या चाकाला कपडे अडकू नयेत यासाठी जाळी सक्तीची आहे. साडीचा विचार कायद्यात आहे. डोक्याचा विचार मात्र पाडव्याच्या दिवशी सगळे बाजूला ठेवतात.

आमच्या यात्रेत असं ठरलं की चालवताना हेल्मेट, आणि मैदानात पोहोचल्यावर फेटा. निघायच्या जागी तपासायचं काम माझ्याकडे. एक बाई आल्या, पन्नाशीच्या पुढच्या. गाडी स्वतःची, फेटा स्वतः बांधलेला, काय सुरेख बांधलेला! मी म्हटलं, “मावशी, हेल्मेट घालावं लागेल.” त्या शांतपणे म्हणाल्या, “डोक्याला फेटा बांधायला मला पन्नास वर्षं लागली. आता तू मला तो काढायला सांगतेस?”

मित्र-मैत्रिणींनो, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. फेटा हा घरातल्या पुरुषांचा मान. तो एका बाईने भर रस्त्यात डोक्यावर घेणं ही साधी गोष्ट नाही. त्या मजेसाठी आल्या नव्हत्या. मी त्यांना म्हटलं, “फेट्याचा मान आहेच, मावशी. पण खाली रस्ता आहे, त्याला मान कळत नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाडी वळवली आणि घरी गेल्या. पुढच्या वर्षी मी त्यांची वाट पाहिली. त्या आल्या नाहीत. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि तरीही पुढच्या पाडव्याला कुणी तशीच आली, तर मी तेच सांगणार आहे.

इतकी वर्षं उभं राहून माझ्या लक्षात आलं ते सांगते. आपल्याकडे उत्सवाला माणसं कमी पडत नाहीत. ढोल वाजवायला आहेत, झेंडा धरायला आहेत, वर्गणी द्यायलाही आहेत. कमी पडतात ती ‘थांबा’ म्हणणारी माणसं. कारण ते म्हणणारा कुणालाच आवडत नाही. रॅलीतल्याला वाटतं हा आपला असून आडवा येतो, आणि बाहेरच्याला वाटतं यानेच आपल्याला अडवलंय. दोन्हीकडचं ऐकायचं आणि संध्याकाळी जॅकेट धुऊन परत द्यायचं, हे ते काम. पण ते कुणी केलं नाही तर उत्सव रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या उरावर बसतो, आणि मग हळूहळू लोकांना उत्सवच नकोसा होतो.

हे शिक्षण कॉलेजात मिळालं नाही. ते इथे मिळालं. मधल्या सुट्टीत नळावर रांग लागायची, आणि पी.टी.चे सर मोठ्या मुलांना मधेच थांबवून आधी पहिली-दुसरीच्या पोरांना पाणी प्यायला सोडायचे. आम्हाला राग यायचा. सर तिकडे बसलेत, त्यांना आठवत असेल-नसेल. सर, तेव्हा तुम्ही जे करत होतात त्याला मार्शलिंग म्हणतात हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा एक विनंती. आपल्या बॅचचे बरेच जण अजून नवी मुंबईतच आहेत. पुढच्या पाडव्याला आम्हाला मार्शल हवे आहेत. गाडी यायची अट नाही, चार तास उभं राहता आलं पाहिजे आणि बोलणं मनाला लावून घ्यायचं नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्चीची सोय करू. आता त्या वयाला आलोच आहोत.

आणि शेवटचं. मघाशी आत येताना पाहिलं, शाळेच्या फाटकासमोर आपल्याच लोकांनी गाड्या अशा लावल्यात की शेजारच्या चाळीतल्या माणसाला स्कूटर काढता येत नाहीये. ज्यांच्या असतील त्यांनी आधी त्या बाजूला घ्याव्यात आणि मगच जेवायला बसावं. जेवण संपत नाही, मी मेन्यू पाहिलाय.